मागच्याच्या चालीने जुन्या गोव्याला

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी करत जुने गोवे साधारण ७० किलोमीटर. आम्ही ते पायी चालत जातो, तीन दिवस धरतो. गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण) ३ डिसेंबरला, त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, २४ नोव्हेंबरपासून. त्याच दिवसांत निघतो.

पहिल्या दिवशी सगळे ताजे असतात. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात आणि नजर शेजारी जाते: याला फोड कसे नाहीत, क्रूस धरायला त्यालाच का बोलावलं? मत्सर परक्याचा क्वचितच वाटतो, बरोबरीच्याचाच वाटतो. बायबलमधले काइन आणि हाबेल सख्खे भाऊ होते, तरी मत्सरापोटी काइनाने हाबेलला मारलं. दाविदाला शौल राजानेच जवळ केलं होतं. बायकांच्या गाण्यात दाविदाने मारलेल्या शत्रूंचा आकडा शौलापेक्षा मोठा झाला आणि शौलाचं मन फिरलं.

म्हणून रोझरीतल्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेतल्या, तिसऱ्या दहा ‘नमो मरिया’ आम्ही, ज्याचं बरं झालेलं खुपतं त्याच्यासाठी म्हणतो. मनात नाव घ्यायचं आणि त्याला हवं तेच मागायचं: मुलीचं लग्न ठरू दे, दुकान चालू दे. इथे हमखास चूक होते. ‘देवा, त्याला सुबुद्धी दे’ ही तक्रार झाली. शब्द घशात अडकले तरी दहा पुऱ्या कराव्यात. पापनिवेदनातही, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करतानाही, ‘मत्सर वाटतो’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या गोष्टीचा, ते सांगावं.

बाकीचं काम पायांचं. सर्वांत हळू चालणारा पुढे, त्याचीच चाल सगळ्यांची. धडधाकट एक जण शेवटी. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं. थांबल्यावर आपले बूट काढण्याआधी शेजाऱ्याच्या टाचा बघायच्या. लाल, गरम चट्टा दिसला की लगेच चिकटपट्टी. घामाने मऊ झालेली कातडी घासली की फोड येतो, म्हणून मोजे कोरडे आणि बूट वापरातले हवेत. फोड आलाच तर कातडी सोलायची नाही. ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असेल तर पाणी पूर्ण १ लिटरच घ्यायचं. कमी पाण्यात ते बाधतं.

सेवेतही मोजदाद सुरू होते, कोणी किती जणांना पट्ट्या बांधल्या याची. ती ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण ती भक्तीसारखी दिसते. औषधांची पिशवी म्हणूनच दर थांब्याला दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकातला बांध तीनेक किलोमीटरचा. तिथे क्रूस लंगडणाऱ्याच्या हातात देतो. रांग मंदावते, ठरवलेली मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते. पुढच्या मिस्सेला बसतो.