चिंगीची वही

काकांनी टेबलावर आधी वही ठेवली, मग चिंगीला. साधी आखीव पानांची वही. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आणि त्यांत बारीक अक्षरातल्या नोंदी. ‘अर्धी वाटी, स्वतःहून.’ ‘चार घास, हातून.’ ‘वास घेतला, तोंड फिरवलं.’ शेवटच्या तीन दिवसांच्या नऊ रकान्यांत नुसत्या आडव्या रेघा.

“डॉक्टर, अन्नावरची वासनाच उडालीय तिची,” काका म्हणाले. “कोमट करून दिलं, हातावर घेऊन दिलं, ताटली ठेवून आम्ही खोलीबाहेर जाऊन बसलो. काल सिरिंजने भरवायला गेलो तर अशी बघितली माझ्याकडे, की मी सिरिंज ठेवूनच दिली.”

बरं केलंत, मी म्हणाले. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बळेच अन्न ढकललं की दोन गोष्टी होतात. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कुत्रं त्या अन्नाशी कायमचं वैर धरतं. आवडत्या खाण्यात लपवून दिलेल्या कडू गोळीचंही तेच. बरं झाल्यावरसुद्धा ते खाणं समोर आलं की मान फिरते. माणसं हे प्रेमापोटी करतात, म्हणून रागावताही येत नाही.

चिंगी पाच वर्षांची, मिश्र जातीची. एरवी दवाखान्यात शिरताच माझ्या ॲप्रनच्या खिशात नाक खुपसणारी. त्या दिवशी ती टेबलावर निपचित पडली होती. मध्येच जीभ ओठांवरून फिरवायची, आवंढा गिळायची. पोटात ढवळतंय, याची ही खूण. मालकांना वाटतं, जीभ चाटतेय म्हणजे भूक लागली असेल. बहुतेक वेळा उलटंच असतं.

वजन १६ किलो. दोन महिन्यांपूर्वी माझ्याच हस्ताक्षरात १८.४ लिहिलेलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तंबूसारखी उभीच राहिली. हिरड्या फिकट, चिकट. बोटाने दाबल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, एरवी दोनच्या आत परततो. ताप नाही, उलट कुत्र्याच्या मानाने अंग थंड, ९८.९ फॅरनहाइट.

मग स्टेथोस्कोप लावला आणि मला वाटलं, मोजण्यात चूक झाली.

पंधरा सेकंदांत १२ ठोके. पुन्हा मिनिटभर मोजले, ४९. अंगातलं पाणी एवढं आटलेल्या कुत्र्याचं हृदय धावत असायला हवं, एकशेचाळीस, एकशेसाठ. रक्त कमी पडतंय म्हटल्यावर ते जोरात पळूनच भरपाई करतं. इथे ते एखाद्या झोपाळू घड्याळासारखं चाललं होतं.

आता थोडं माझ्याबद्दल. या आधी दोन महिन्यांत चिंगी दोनदा याच तक्रारीवर आली होती. खात नाही, एकदोन उलट्या, थोडी सुस्त. दोन्ही वेळा मी पोट बिघडलंय असं धरून सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताटली चाटूनपुसून साफ करायची. काकांचा फोन यायचा, “जेवली!” आणि मी केस मिटवायचे. खाल्लं म्हणजे बरी झाली, यावर मालकांइतकाच माझाही भाबडा विश्वास. दुसऱ्या खेपेला तर काकांनी भूक वाढवायचं औषध मागितलं होतं. ते मिळतं, कुठे द्यायचं हे कळलं तर उपयोगीही असतं. मी नाही म्हटलं, पण आजार शोधायचाय म्हणून नव्हे. गरज वाटली नाही म्हणून.

शिरेत सुई लावली, रक्त घेतलं. आधी किडनीचे आकडे आले. क्रिएटिनिन ३.४, युरियाही भरमसाट. माझं तोंड पडलेलं काकांनी पाहिलं. मी सांगून टाकलं, किडनी दिसतेय, आणि हे प्रकरण सोपं नाही. काका काही बोलले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि आजच्या सकाळच्या रकान्यात रेघ मारली. मला ते बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

क्षारांचा रिपोर्ट आला. सोडियम १२६, पोटॅशियम ८.४. सोडियम साधारण १४० च्या वर असतं आणि पोटॅशियम साडेपाचच्या आत. एकाला दुसऱ्याने भागलं की निरोगी कुत्र्यात २७ च्या वर आकडा येतो. चिंगीचा १५. हृदय का झोपाळलं होतं, ते कळलं. एवढं पोटॅशियम हृदयाच्या विजेलाच आवर घालतं. ईसीजी लावला तर ठोक्याआधीची छोटी लाट, पी, गायब आणि नंतरची टी तंबूसारखी उंच, टोकदार.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी बहुतेक त्या पडद्याकडेच बघत होते. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश, सहकाऱ्याचा अंगठा सिरिंजवर, माझे डोळे रेषेवर. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही. ते हृदयाला अर्धाएक तास सावरून धरतं, तेवढ्यात बाकीची कामं उरकायची. बाजूने सलाईन जोरात चालू, सोबत ग्लुकोज. आठव्या मिनिटाला टी बसकी झाली. मग एका ठोक्याआधी बारीकसा उंचवटा दिसला. पुढच्या ठोक्याआधी नाही. मग परत दिसला, आणि मग प्रत्येक ठोक्याआधी. ठोके ४९ वरून ८८ वर. चिंगीने डोकं उचलून दाराकडे पाहिलं.

संशय आता एकाच आजाराचा होता. ॲडिसन. थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्ये तो माणसांत वर्णन केला, कुत्र्यांतही तो होतो, आणि तरुण ते मध्यमवयीन माद्यांमध्ये जास्त दिसतो. मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी बंद पडतात. त्यांचं एक संप्रेरक सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. ते नाही म्हणून क्षारांची उलथापालथ. दुसरं कॉर्टिसॉल, जे शरीराला ताण सोसायला लागतं. ते नाही म्हणून भूक जाते, उलट्या होतात, अंग गळून जातं. किडनीचे आकडे वाढतात ते बहुधा किडनी बिघडल्यामुळे नाही, तर तिच्याकडे पुरेसं रक्तच पोहोचत नाही म्हणून. आणि सलाईन लावलं की पाणी आणि मीठ दोन्ही मिळतात, कुत्रं दोन दिवस टुणटुणीत. मी दोनदा नेमकं हेच केलं होतं. आजाराला उसनवारीवर दिवस काढून दिले होते.

खात्रीची तपासणी म्हणजे ग्रंथींना जागं करणारं इंजेक्शन द्यायचं, आधी आणि तासाभराने कॉर्टिसॉल मोजायचं. तोवर स्टेरॉइडशिवाय थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून डेक्सामेथासोन दिलं. प्रेडनिसोलोन दिलं असतं तर तेच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊन निकाल फसला असता. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले.

मधल्या वेळात काकांची वही माझ्या हातात होती. मागची पानं उलटताना काहीतरी खटकलं. पहिल्यांदा खाणं सुटलं त्याच्या आदल्या ओळीत लिहिलं होतं, ‘श्वानगृहातून परत आणली’. दुसऱ्यांदा, ‘आंघोळ, केस कापले, फार घाबरली’. यावेळी चार दिवसांपूर्वी, ‘गाडीचा लांब प्रवास’. तीन ताण, तीन आजारपणं. दोन महिने हे सगळं काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी दर वेळी वहीचं शेवटचं पान बघून ती परत दिली होती.

“काका, किडनी म्हणाले ते मागे घेते,” मी म्हणाले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता. “मग ती खाईल ना?”

खाईल, पण लगेच नाही. भुकेचा आग्रह मीही त्या दिवशी सोडला होता. तीन दिवसांच्या उपाशी पोटावर एकदम पूर्ण जेवण चढवायचं नसतं. १६ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण ५६० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात, थोडं थोडं, चारपाच वेळा. आधी मळमळ थांबवायची. अन्न अंगाइतकं कोमट, म्हणजे वास सुटतो. खाल्लं नाही तर दहा मिनिटांत ताटली उचलायची. दिवसभर नाकासमोर ठेवलेलं अन्न आजारी कुत्र्याला छळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्याशी वाकले तर चिंगी उठून उभी, पाय थरथरत, आणि तिचं नाक माझ्या ॲप्रनच्या खिशात. खिशात काही नव्हतं. सहकाऱ्याने उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा आणला. तिने तो हुंगला, खाली ठेवला, परत हुंगला आणि गिळला. पोटॅशियम ५.१ वर आलं होतं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.२. कॉर्टिसॉलचा निकाल आला, दोन्ही नमुन्यांत १ मायक्रोग्रॅमच्याही खाली. ग्रंथी जाग्या होण्यासारख्या उरल्याच नव्हत्या.

गोळ्या आता जन्मभर. क्षारांसाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन, शिवाय प्रेडनिसोलोनचा अगदी छोटा डोस, जो ताणाच्या दिवशी वाढवायचा. मध्येच बंद करायचा नाही, कुत्रं कितीही ठणठणीत दिसलं तरी. हे मी तीनदा सांगितलं. काकांनी एकदाच लिहून घेतलं.

महिन्याने ते तपासणीला आले. वजन १७.८. वहीत चौथा रकाना आखला होता, त्यावर लिहिलं होतं, ‘उद्या काय आहे’. यावेळी मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. काका घड्याळ बघत होते, बाहेर दोन मांजरं आणि एक कुत्रं खोळंबलं होतं. आजच्या रकान्यात नोंद होती, ‘डॉक्टरकडे जायचंय. सकाळी गोळी दुप्पट.’