जांभळ्या टोपणाची ट्यूब

वॉर्डात रक्ताचे नमुने घेण्याची माझी सकाळची फेरी संपत आली असताना प्रयोगशाळेतून फोन आला. आदल्या पाळीत घेतलेल्या एका वृद्ध रुग्णाच्या नमुन्यात पोटॅशियम 8.9 निघाले होते आणि डॉक्टरांनी तातडीने दुसरा नमुना मागवला होता. रक्तातील पोटॅशियम साधारणपणे 3.5 ते 5 मिलीमोल प्रतिलिटर असते, ते 8.9 पर्यंत चढले, तर हृदय कोणत्याही क्षणी बंद पडू शकते.

मी पोहोचले तेव्हा काका खाटेवर बसून उशीखाली चष्मा शोधत होते. पोटॅशियम उतरवण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज देण्याची तयारी झाली होती, परंतु ईसीजीत काहीच बिघाड दिसत नव्हता आणि त्याच नमुन्यातील कॅल्शियम कमालीचे कमी आले होते. या विसंगतीमुळे डॉक्टर थांबले होते आणि ते थांबले हे फार बरे झाले, कारण पोटॅशियम मुळात योग्य असताना ते उतरवण्याचे औषध दिले असते, तर तेच जिवावर बेतले असते.

“काका, तुमचं पूर्ण नाव सांगता का?” असे मी विचारले. “तुम्हीच ना अमुक?” असे मी कधीच विचारत नाही, कारण थकलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण कशालाही मान डोलावतो. नाव मनगटावरच्या पट्टीशी आणि अर्जाशी जुळवून पाहिले. उजव्या हाताला सलाईन चालू होते. त्या हातातून रक्त घेतले, तर सलाईन मिसळून नमुना पातळ होतो. डाव्या हातावर आधीच्या सुयांचे काळेनिळे डाग होते. टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळून बांधायचा पट्टा, मिनिटभराहून अधिक ठेवायचे नाही आणि मूठ उघडझाप करू द्यायची नाही, कारण त्यानेही पोटॅशियम वाढते. शीर डोळ्यांना दिसत नव्हती, पण कोपराच्या खळगीत, जराशी बाहेरच्या बाजूला, ती बोटाला लवचिक लागली. आधी सिरमची, म्हणजे पोटॅशियम तपासायची, ट्यूब भरली, मग जांभळ्या टोपणाची. काकांसमोरच लेबले लावली आणि नमुना स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला.

पोटॅशियम 4.3 आले.

झाले होते ते असे. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. आदल्या पाळीत रक्त मध्येच यायचे थांबले, सिरमची ट्यूब अर्धवट राहिली आणि जांभळ्या ट्यूबमधले थोडे रक्त तिच्यात ओतून ती पुरी करण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीही वावगे दिसत नाही. अवघड शीर, अपुरी माणसे आणि रात्रीची घाई मला पुरेपूर ठाऊक आहे. तरीही अर्धवट ट्यूब तशीच पाठवून “नमुना अपुरा” असे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होता, असे माझे ठाम मत आहे.

दोनदा का टोचले, असे काकांनी विचारले. रिपोर्टविषयी रुग्णाशी बोलणे आमच्या अधिकारात बसत नाही, म्हणून मी आधी डॉक्टरांची परवानगी घेतली आणि मग पहिला नमुना हाताळताना बिघडला होता, तुमच्या रक्तातले पोटॅशियम ठीक आहे, असे त्यांना स्पष्ट सांगितले.