आज हॉल लागला!

वेंगुर्ल्यातलं आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझी एकच अट होती: फोमचा, जमिनीला टेकलेला जाडजूड सोफा नको. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की त्याला खालून बुरशी धरते आणि वास काही केल्या जात नाही. म्हणून फणसाच्या लाकडाचा, उंच पायांचा सोफा करून घेतला. खालून केरसुणी सहज फिरते, वाराही खेळतो. गाद्या कापसाच्या, अभ्रे चेनचे. ऊन पडलं की काढले आणि घातले वाळत.

फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं दिसतं, पुढे वर्षागणिक गडद, तांबूस होत जातं. आज सुतारकाकांनी पॉलिशचा शेवटचा हात दिला तेव्हा त्यातल्या रेषा अशा काही उठून आल्या की सगळं वाळल्यावर सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या तळवा फिरवत बसल्या होत्या. कड्या-बिजागऱ्या पितळेच्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही.

एक भिंत चिऱ्याचीच ठेवली, गिलावा न करता. जांभ्याचा असा लाल रंग घरात असताना वॉलपेपर कशाला हवा? टीपॉयवर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं. झोपाळा खिडकीशीच हवा हा मामंजींचा हट्ट, त्यामुळे टीव्ही कोपऱ्यात गेला. मला तर ते फारच आवडलं, संध्याकाळी सगळे एकमेकांकडे तोंड करून बसले होते.

आता पडदे राहिलेत. सुती, पातळ, फिकट रंगाचे हवेत. कुडाळ-सावंतवाडीकडे चांगले कुठे मिळतात, सांगा ना कोणीतरी.