जांभळाचा मध आणि वहिनीचं हिमोग्लोबिन

मागच्या पावसाळ्यात वहिनीचं हिमोग्लोबिन 8.4 निघालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, म्हणून त्या फळीवर गेल्या आणि रोज सकाळी दोन मोठे चमचे मध सुरू झाला. आमच्याच पेट्यांतला, जांभळाचा, काळाभोर. काळ्या मधात लोह असतं, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर 8.1.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, महाबळेश्वरच्या रानात सातेरी मधमाश्या पाळण्यात उभा जन्म घालवला. मी साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवते. घरात हिशेब मांडू शकणारी मीच होते आणि मी तो मांडला नव्हता, हे मला अजून लागतं.

हिशेब तर एवढासाच. 100 ग्रॅम मधात लोह साधारण 0.4 मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे 40 ग्रॅम, त्यातून मिळालं 0.2 मिलिग्रॅमच्या आत. काळा मध म्हणून तिप्पट धरा, तरी अर्ध्या मिलिग्रॅमवर थांबतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 29 लागतं. कॅल्शियमचंही तसंच: मधात 100 ग्रॅमला 6 मिलिग्रॅम, आपल्या नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. मधात ऐंशी टक्के साखर, सतरा-अठरा टक्के पाणी. उरलेल्या चिमटीत बाकी सगळं.

पण जुनी माणसं अगदीच चुकीचं बोलत नव्हती. एका उन्हाळ्यात मी प्रयोगशाळेत गेळा या रानझाडाचा फिका मध आणि जांभळाचा काळा मध, प्रत्येकी 5 ग्रॅम, मुशीत घेऊन जाळले होते. मध तापला की फसफसून वर येतो, म्हणून आधी मंद आचेवर कोळसा करायचा आणि मग भट्टीत साडेपाचशे अंशांवर ठेवायचा. काळ्या मधाची राख नुसत्या डोळ्यांना जास्त दिसली. गडद मधात खनिजं जास्त असतात, हे खरंच आहे, आणि त्यात पोटॅशियमचा वाटा सगळ्यांत मोठा. पण ती राख बोटाच्या टोकावर मावली असती.

दादांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आपल्या मधात हाय तरी काय?"

मी म्हटलं, दादा, तुम्ही मधकोठीतले कप्पे माश्यांनी मेणानं बंद केल्याशिवाय चौकट काढत नाही, ते आहे. सातेरीच्या मधात पाणी मुळातच जास्त, घाई केली की वीस टक्क्यांची मर्यादा ओलांडते आणि मध आंबतो. पाणी उडवायला तो चुलीवर ठेवला तर त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, निकामी होतात. तुम्ही तो कधी तापवला नाही. जांभूळ, हिरडा, गेळा वेगळे ठेवता. जांभळाचा तो मागून येणारा कडवटपणा कुठल्याही मिसळलेल्या मधात सापडत नाही. चांगल्या मधाची किंमत यासाठी मोजावी, औषध म्हणून नाही.

त्याच बोलण्यात दुसरंही सांगून टाकलं. वहिनीच्या बाळाला बारशात मध चाटवायची आत्याची तयारी होती. ती आत्या मीच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये. मधात बोटुलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढतात. मध कितीही शुद्ध असो. आईला हे पटायला दोन दिवस लागले.

वहिनी आता डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी घेते, वर लिंबूपाणी, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. परवाच्या तपासणीत 10.2 आलं. मध ती अजून खाते, भाकरीवर, आवडतो म्हणून.

आणि दादांनी गेल्या वर्षी छापून आणलेल्या लेबलांवर "लोहयुक्त" असं होतं. पडवीत बसून त्यांनी प्रत्येकावरचा तो शब्द काळ्या शाईनं खोडला आणि खाली हातानं लिहिलं: जांभूळ, मे महिना.