रेशमा खाली बसत नाही

आमच्या रेशमा घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना खपल्या धरल्या आहेत. खुराच्या वरचा तो फेटलॉकचा सांधा, त्याच्या अगदी समोरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या. खरारा करताना हाताला लागल्या. एक जुनी खपली निघालीय आणि तिच्या जागी नवी आलीय. चिखलामुळे झालं असतं तर मागच्या खळगीत झालं असतं. तारेनं कापलं असतं तर एकाच पायाला, आडवं. दोन्ही पायांना, समोरून, एकाच उंचीवर म्हटलं की अर्थ बहुतेक एकच असतो. ती उभ्याउभ्या गाढ झोपेत जाते आणि पुढच्या पायांवर कोसळते.

काका म्हणाले, "घोडं उभ्यानंच झोपते न बाप्पा, तू कायले फिकर करून राहिली?"

हे अर्धंच खरं आहे. उभ्यानं होते ती डुलकी. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकते, पाय कुलूपबंद होतो आणि स्नायूंना जोर न लावता घोडं उभं राहतं. पण स्वप्नांची झोप लागते तेव्हा अंगातले स्नायू पार सैल पडतात. ती उभ्यानं घेता येत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तासच लागते, पण तेवढ्यासाठी आडवं व्हावं लागतं, निदान छातीवर बसून नाक जमिनीला टेकावं लागतं. काही दिवस तिच्यावाचून निघतात. मग झोप उभ्यावरच चढते, मान खाली जाते, गुडघे दुमडतात, सांधा फरशीवर आपटतो आणि घोडं दचकून जागं होतं. पाहणारे म्हणतात मिरगी आली. आपोआप झोप लागण्याचा खरा आजार मोठ्या घोड्यांत फार क्वचित असतो. बहुतेक वेळा घोडं फक्त जागून जागून थकलेलं असतं.

आणि जागतं का? हाच प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. मला वाटतं तिला बसायची भीती नाही. बसलो तर उठता येईल का, याची भीती आहे. पळण्यावर जगलेला प्राणी उठण्याची खात्री नसेल तर बसणारच नाही.

शेपटीत तणस अडकलेलं नाही. कुशीवर लिदीचा पिवळा डाग नाही. म्हणजे ती आडवी झालेलीच नाही. पांढरी घोडी स्वच्छ दिसते म्हणून सगळे खूश आहेत.

जुना मोबाइल वाशाला बांधून रात्रीचं चित्रण पाहिलं. ती जमीन हुंगते, गोल फिरते, चारही पाय पोटाखाली गोळा करते, गुडघे वाकायला लागतात, आणि तिथूनच परत सरळ होते. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ते पाहताना माझ्याच पोटात गोळा आला. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास न हलता उभी राहिलेली घोडी ही. तिच्या उभं राहण्याचंच सगळ्यांना कौतुक. दादाला क्लिप पाठवली, त्यानं फक्त अंगठा पाठवला. असो.

ती कुठे अडते, तिथेच उत्तर आहे. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतात, मग मागचा भाग खाली येतो. उठताना मान लांब होते, पुढचे पाय एकामागून एक समोर पसरतात आणि शेवटी मागच्या पायांचा जोर लागतो. गाय याच्या उलट, आधी मागून उठते. म्हणजे घोडं कुत्र्यासारखं पुढून उठून बसलं आणि तसंच राहिलं, तर दुखणं मागे शोधायचं: हॉक (मागच्या पायाचा घोटा), स्टायफल (मागच्या पायाचा वाटीचा गुडघा), कंबर आणि पुठ्ठ्याचा, म्हणजे ढुंगणाचा सांधा. पुढचे पाय पसरताच येत नसतील तर गुडघा नाहीतर मान. शेवटची हातभर उंची धपकन पडत असेल तर मागच्या सांध्यांना हळूहळू वाकणं सोसत नाही. रेशमा बसण्याच्या मधोमध, वजन मागे जायला लागलं की थांबते. नालबंद मागचा पाय उंच धरतो तेव्हा ती हिसका देते आणि खाली धरला की देत नाही, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. पण हॉक की स्टायफल, ते डॉक्टरांनी पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकी चालवून पाहिल्याशिवाय कळणार नाही. नंतर एक्स-रे.

दुखण्याआधी नसांचंही पाहायला हवं. चालता चालता शेपूट एका बाजूला ओढली तर ती स्वतःला सावरते का? लहान वर्तुळात फिरवताना मागचे पाय एकमेकांत अडकतात का? मागे सरकवताना खूर घासतो का? शिवाय आपल्याकडे पावसाळ्यानंतर घोडमाश्या असतात, त्यांच्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो, आणि त्यातही पुठ्ठे अशक्त होतात. ताप येऊन जातो, पोटाखाली सूज येते. रक्ताची काच तपासून घ्यायची. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारते. खूर गरम लागत नाहीत, फेटलॉकच्या मागची नाडीही उडत नाही. खुराची सूज नाही, एवढं तरी बरं.

डॉक्टर काही दिवस वेदनाशामक देऊन बघू म्हणाले. ते मला पटलं. औषधावर ती बसली तर दुखणं हेच कारण. नाही बसली तर जागा, भीती, नाहीतर नसा. मात्र गोळ्या मनानं वाढवायच्या नाहीत. त्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

जागेचं तर मला आत्ताच दिसतंय. खाली शहाबादी फरशी, वर बोटभर कुटार. खूर सरकतो. मागचा जोर लावताना पाय सरकणार हे तिला कळतं. त्यात अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचा आणि मागचा दोर, दोन्ही बांधलेली, आणि अगाडी एवढी आखूड की नाक जमिनीला टेकत नाही. मान पुढे टाकल्याशिवाय घोडं उठू शकत नाही, मग ते बसेल कशाला? या दोरांचा मला फार राग येतो. पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलोत म्हणून बांधतो. शेजारची जागाही रिकामी झालीय. कुणीतरी उभं राहून पहारा देत असेल तर घोडं निवांत आडवं होतं. तिच्यासाठी आता कोण उभं राहणार, यावर मला जास्त लिहवत नाही.

दुपारपर्यंत नुसतं वाईट वाटत होतं, तिचं आणि माझंही, की हे कुणालाच का दिसत नाही. आता थोडं शांत आहे. वय झालंय तिचं. हॉकचा संधिवात असेल तर तो जाणार नाही. थंडीत सांधे आणखी आखडतील. पण बसणं सोपं करणं आपल्या हातात आहे. बारा बाय बारा फुटांची मोकळी जागा, दोर नाही, खाली रबरी चटई नाहीतर दाबलेला मुरूम, वर आठ इंच लाकडाचा भुसा आणि भिंतीकडे थोडा चढता. उन्हं वर आली की रोज हळूहळू चालवणं. अंगणात वाळूचा ढीग टाकला तर पुष्कळ घोडी आधी तिथेच बसतात, कारण चढावर उठायला सोपं जातं.

आणि बसल्यावर उठली नाही तर काय करायचं, ते घरात सगळ्यांना सांगून ठेवायला हवं. पायांच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, पाठीकडूनच जायचं. आधी तिला छातीवर बसतं करायचं, पुढचे पाय समोर सरळ करायचे, आणि ती स्वतः जोर लावेल तेव्हाच शेपटीच्या मुळाशी धरून आधार द्यायचा. ओढायचं नाही. तासन्‌तास एका कुशीवर राहिली तर खालचे स्नायू चिरडतात, म्हणून मध्ये कूस बदलायची आणि तोवर डॉक्टरांना फोन.

भुसा लकडगंजहून आणायचा. कोरडा, बुरशीचा वास नसलेला, प्लायवूडचा नको. टाकण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढायचे.