डाव्या हाताचा करडा डाग

सई डावखुरी आहे. पेन्सिल हातात घेतली की दहा मिनिटांत तिच्या करंगळीखालच्या कडेला करडा, चकाकता डाग पडतो, कारण तिचा हात तिनेच लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकत जातो. सुट्टीत पुण्याला गेलो की माझी आई प्रेमानंच तिची पेन्सिल उजव्या हातात देते, जेवताना डावा हात हळूच ताटाबाहेर करते. आईच्या मनात काही वाईट नसतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं. यंदा परत आल्यावर तिनं मला विचारलं, "मी उजव्या हातानं शिकले तर आजीला आवडेल ना?"

मागच्या रविवारी मुलांना इथल्या, म्हणजे मिलानच्या, विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात घेऊन गेले, त्यामागे खरं कारण हा प्रश्न होता. सहा वर्षांच्या ओमला फक्त पाणबुडी बघायची होती. 'एन्रिको तोती' नावाची खरीखुरी पाणबुडी तिथल्या अंगणात उभी आहे. ती बघून त्याचं पोट भरलं आणि मग तो आमच्या मागे मुकाट्यानं आला.

ही इमारत मुळात जुना मठ. लांबच लांब ओसऱ्या, मधे चौक. 1953 मध्ये इथं संग्रहालय उघडलं. त्याच्या आदल्याच वर्षी लिओनार्दो दा विंचीच्या जन्माला 500 वर्षं झाली होती, आणि त्या निमित्तानं त्याच्या वह्यांमधल्या रेखाटनांवरून कारागिरांनी लाकडी मॉडेल्स घडवली. 2019 मध्ये त्याच्या मृत्यूला 500 वर्षं झाली, तेव्हा हे दालन नव्यानं मांडलं. मॉडेल्स मात्र तीच जुनी. लाकूड, दोर, दातेरी चाकं, पितळी खिळे.

पर्समध्ये मी मुद्दाम छोटा आरसा टाकून नेला होता. वहीतल्या पानाची प्रत दिसली, तिच्याकडे पाठ करून सईला उभं केलं आणि आरसा तिच्या हातात दिला. उलटी, उजवीकडून डावीकडे धावणारी अक्षरं आरशात सरळ झाली. "हा असं का लिहायचा?" मी म्हटलं, डावखुरा होता. शाईची दौत आणि पिसाची लेखणी. आपल्यासारखं डावीकडून लिहिलं असतं तर ओल्या शाईवरून हात फिरला असता. सईनं आरसा खाली घेतला, आपला हात उलटा करून करंगळीखालची कड पाहिली. काही बोलली नाही. मग पानाजवळ नाक नेऊन म्हणाली, "आई, ह्याच्या रेघा माझ्यासारख्या आहेत."

खरंच होत्या. सावली दाखवायला आपण तिरप्या रेघा मारतो ना, उजव्या हाताच्या माणसाच्या त्या रेघा वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. लिओनार्दोच्या उलट, वरून डावीकडून खाली उजवीकडे. एखादं चित्र त्याचं की त्याच्या शिष्याचं हे ठरवताना जाणकार आजही या रेघांची दिशा बघतात. मी हे वाचलेलं होतं. सईनं ते आपल्या हातावरून ओळखलं.

ओमचा प्रत्येक मॉडेलपाशी एकच प्रश्न, "हे चाललं का?" गोल फिरणाऱ्या पडद्याचं ते प्रसिद्ध उडतं यंत्र, ज्याला लोक हेलिकॉप्टरचा पूर्वज म्हणतात, ते चाललं का? नाही. माणसाच्या अंगात तेवढा जोर नसतो. पण त्याच्या टिपणात एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते: पडदा लिननच्या कापडाचा, आणि कापडाची छिद्रं बुजावीत म्हणून त्याला खळ लावायची. मुलांना खळ माहीत नव्हती. मग तिथंच उभ्यानं सांगितलं, आजी भाताच्या पेजेत सुती साडी कशी बुडवायची, वाळल्यावर ती पापडासारखी कशी कडक व्हायची. सई म्हणाली, "म्हणजे आजीच्या साडीनं उडायचं." आकाशात उडायचं स्वप्न बघणारा माणूस कापडातून हवा निसटेल हेही बघत होता, त्यावर उपाय घरातलाच शोधत होता. मला त्याचं मोठेपण तिथं दिसलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो कालव्याच्या दारांपाशी. मिलानला मोठी नदी नाही, पण शतकानुशतकं इथं बोटी चालल्या. दुओमोचा, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चचा, संगमरवर कांदोल्याच्या खाणीतून, माज्जोरे तलावातून आणि पुढे कालव्यानं शहरात आला. एका कालव्याचं पाणी वर, दुसऱ्याचं खाली. बोट उतरवायची तर मधे पाण्याची बंद खोली हवी, आणि खोलीला दारं. लिओनार्दोच्या रेखाटनात ही दारं सपाट मिटत नाहीत. दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून तिरक्या भेटतात.

ओमला समजेना. मी त्याला दोन्ही हात पुढे करून बोटांची टोकं टेकवायला सांगितली, तळवे तिरके, कौलारू छपरासारखे, टोक सईकडे. सईला म्हटलं, आता ढकल. तिनं ढकललं तशी त्याची बोटं एकमेकांवर आणखी घट्ट बसली. "अजून जोरात!" तो ओरडला. जितकं पाणी ढकलेल तितकं दार घट्ट. पाण्याचाच जोर पाण्याला अडवायला वापरायचा. मग उघडायचं कसं? दाराच्या खालच्या भागात एक छोटी झडप काढलेली आहे. ती उघडली की पाणी आत येतं, दोन्हीकडची पातळी सारखी होते आणि दारावरचा जोर संपतो. त्यानंतर दार सहज उघडतं. पनामा कालव्यावरची जुनी दारंही अशीच तिरकी मिटतात.

साधारण 1482 मध्ये लिओनार्दो मिलानला आला. इथल्या राज्यकर्त्याकडे, लुदोविको स्फोर्त्साकडे, नोकरीसाठी लिहिलेल्या त्याच्या पत्राचा मसुदा आजही आहे. त्यात पूल, सुरुंग, तोफा असं एकामागून एक येतं. शांततेच्या काळात इमारती बांधेन, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन. आणि अगदी शेवटी, शिल्प आणि चित्रही करेन. सईला हे विचित्र वाटलं. "पण तो तर चित्रकार होता ना?"

तिला काय उत्तर द्यावं ते मला लगेच सुचलं नाही, कारण चित्रकार वेगळा आणि इंजिनिअर वेगळा, ही फाळणी मनात घेऊनच मी स्वतः वाढले. आठवीत मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली होती. नववीत इंटरमिजिएटचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा गणिताच्या क्लासची वेळ त्याच दिवशी पडत होती. घरी चर्चासुद्धा झाली नाही, इतकं ते उघड होतं. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंना हवा असेल तेव्हा मिळणारा तास. मी इंजिनिअर झाले, त्याचा आनंद आहे. पण यंत्र समजून घ्यायला आजही मी आधी कागद ओढते, आणि दर वेळी वाटतं, हा हात आणखी तयार झाला असता तर मला आणखी दिसलं असतं. त्याची दारं, त्याचे चेहरे, त्याचे भोवरे घेणारे पाण्याचे प्रवाह, सगळं एकाच हातानं, एकाच वहीत आलं. नुसत्या 'कोदेक्स आत्लान्तिकुस' या त्याच्या कागदांच्या संग्रहात, जो इथल्याच आंब्रोझियाना ग्रंथालयात आहे, 1119 पानं आहेत. मी सईला एवढंच म्हटलं, "त्याला समजून घ्यायचं असलं की तो चित्र काढायचा."

त्याचं 'अखेरचं भोजन' हे चित्र तिथून चालत दहा मिनिटांवर. तिकिटं मिळाली नव्हती. तिथं एका गटाला फक्त 15 मिनिटं देतात. ओमला मात्र सांगितलं की त्यातही त्यानं नवा प्रयोग केला, ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागले. "म्हणजे हे पण चाललं नाही," ओम म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा नव्हती, नुसती नोंद होती.

परतताना वाट वाकडी करून सान मार्को रस्त्यावर गेलो. शहराच्या पोटातले कालवे 1929 पासून बुजवले गेले, पण तिथं एक तुकडा उरलाय: कोंका देलिन्कोरोनाता, पंधराव्या शतकाच्या अखेरची पाण्याची खोली. आता कोरडी, गवत उगवलेली. आणि तिथं जुनी, काळवंडलेली लाकडी दारं अजून उभी आहेत. कठड्यावरून ओम वाकला आणि त्यानं न सांगता दोन्ही हातांची टोकं जुळवली. सई जमिनीवर बसली, वही काढली आणि दारं काढायला लागली. थंडी होती, मी घाई केली नाही.

घरी आल्यावर तिनं मोठ्या अक्षरात 'आजी' उलटं लिहिलं. देवनागरी उलटी लिहिणं मजेचं आहे. शिरोरेषा उलटली तरी शिरोरेषाच राहते, पण 'जी'ची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होऊन बसते. तिनं फोटो काढून पुण्याला पाठवला. पाच मिनिटांत आईचा फोन. "हे काय गं, उर्दू आहे का?" सई म्हणाली, "आजी, आरशासमोर धर."

दुसरीकडे चपलांचा आवाज, कपाटाचं दार. मग थोडा वेळ काहीच नाही.

"कुठल्या हातानं लिहिलंस?" आईनं विचारलं.

"डाव्या."

"हात धुतलास का?"

"नाही अजून."

"मग धुऊ नकोस. व्हिडिओ लाव, मला बघू दे."