चाळीस डॉलर

"शेवटी जिम सुटतो ना, मग तक्रार कशाची?" मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' या कादंबरीवर, त्यातील हक हा मुलगा आणि त्याच्यासोबत पळालेला गुलाम जिम यांच्यावर बोलताना आज वाचनगटातील एका काकांनी सहज विचारले आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

१८८५ साली अमेरिकेतील काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हे पुस्तक आपल्या कपाटांतून काढून टाकले, तेव्हा आक्षेप त्यातील गावंढळ वागण्याबोलण्यावर होता. जिमचा विचार तेव्हा कोण करणार!

जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारे पत्र हक फाडून टाकतो, तो प्रसंग सर्वांनाच भावतो. मला खटकतो तो शेवट. मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला मुक्त केले आहे, हे हकचा मित्र टॉम सॉयर याला आधीपासून ठाऊक असते. तरीही साहसाची हौस भागावी म्हणून तो त्याला फेल्प्स या शेतकऱ्याच्या खोपटात कोंडलेलाच राहू देतो, सोबतीला उंदीर आणि साप आणून सोडतो आणि सारे उघड झाल्यावर, कैदी म्हणून इतका सोशिकपणा दाखवल्याबद्दल, त्याच्या हातावर चाळीस डॉलर ठेवतो. जिम हरखून जातो.

ट्वेनला टॉमचीच टर उडवायची असेलही. पण अमेरिकेतील, ही पाने वाचून हसणाऱ्या एखाद्या वर्गात, ज्याचे पूर्वज विकले गेले होते असा मुलगा बसलेला असेल, तर त्याने कोणाकडे पाहायचे?